सांग, मग सोडते

तुमच्या घरात फडताळात औषधाची बाटली आहे ना, ती तुमच्या हातात कोणी दिली? डॉक्टरचं नाव विचारत नाही मी. डॉक्टरचं नाव तुम्हाला पाठ असतं, चार लोकांत सांगायला बरं पडतं. बाटली कोणी दिली ते सांगा. त्या माणसाचं तोंड आठवतंय? देताना ते काय बोललं, ते तरी?

नाही ना. मग बसा जरा आणि ऐका. कारण आमच्या कसब्यात एक बाई अशी होती की तिच्या हातून बाटली घेतलेला माणूस तिचं तोंडही विसरत नव्हता आणि औषधही विसरत नव्हता. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. सरकारी कागदात तिचं काम लिहिलेलं होतं, बाटल्या धुणे. बस्स, एवढंच. आणि मी छाती ठोकून सांगतो, त्या दवाखान्यात शिकून आलेल्या सगळ्यांनी मिळून जेवढी माणसं वाचवली असतील, त्यातली निम्मी या बाईच्या मुठीतून सुखरूप घरी गेली.

कसब्याचं नाव लिहीत नाही. यातल्या काही माणसांची नातवंडं अजून माझ्याकडे चहाला येतात. खटकचिंचोळीहून सकाळी गाडी जुंपली तर उन्हं चढेपर्यंत आमच्या वेशीत, एवढं पुरे. राज्य निजामाचं, दवाखाना सरकारी, पाटी उर्दूत.

बाईचं नाव नागूबाई. मादन हिप्परग्याची लेक, शेतकऱ्याच्या घरची. नवरा प्लेगात गेला, मूलबाळ नाही, भावाच्या आसऱ्याला आमच्याकडे आली आणि भावजयीचं तोंड बघत बसण्यापेक्षा काम बरं म्हणून दवाखान्यात लागली. उंच, हाडापेराची, पदर खोचलेला. आवाज असा की मागच्या अंगणातून हाक मारली तर पुढचा रोगी उठून उभा राहायचा.

त्या काळी सरकार औषध द्यायचं, बाटली द्यायचं नाही. बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची. आता आमच्या लोकांच्या घरात बाटल्या असून असून कोणत्या असणार? करडीच्या तेलाची, सिंदीची, घासलेटाची. नागूबाई प्रत्येक बाटलीच्या तोंडाला नाक लावायची.

"ही सिंदीची. कोण पितंय रे घरात?"

"मामा पितोय."

"मामाला सांग, रिकामी केल्यावर उनात तरी ठेवत जा. आन् ही कुणाची? घासलेटाची हाय ही. हिला मी हात लावत न्हाई. जा, दुसरी आण."

"दोन कोस जाऊ परत?"

"घासलेट पिऊन मरायला चार खांदे लागतेत. त्यांला चालवण्यापरीस तूच चाल."

राख आणि बारीक खडे घालून पहिली खळबळ, मग गरम पाणी, मग उकळून निववलेलं पाणी. धुतलेल्या बाटल्या उन्हात उपड्या. तिच्या हाताखालून गेलेल्या बाटलीला कसलाच वास यायचा नाही. काचेला स्वतःचा वास नसतो हे मला त्या अंगणात कळलं.

पुढं खिडकी. लोखंडी गजांची खिडकी, आत कंपाउंडर गुरुशांतप्पा. कपाळावर विभूती, नाकावर चष्मा, तोंडानं थेंब मोजत असायचे. माणूस देवगुणी आणि हाताचा पक्का, तराजूच्या काट्यासारखा. डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी बघायची, खलात कुटायचं, ओतायचं, बाटलीच्या अंगाला खाचा कापलेली कागदाची पट्टी डकवायची, एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. वर उर्दूत चार शब्दांचा कागद. मग बाटली गजांतून बाहेर आणि तोंडानं एकदा सांगायचं, दिवसातून तीनदा. पुढचा या.

आणि आमचा माणूस काय म्हणायचा? "हौ साहेब."

सरकारी खिडकीसमोर आमच्या लोकांना एकच उत्तर येतं, हौ. पटवारी म्हणाला हौ, फौजदार म्हणाला हौ, कंपाउंडर म्हणाला हौ. कळलं नाही म्हणायची आमच्याकडे रीतच नव्हती. कळलं नाही म्हणणं म्हणजे साहेबाचा अपमान, असं बापजाद्यांनी शिकवून ठेवलेलं. मला या 'हौ'चा इतका राग आहे की मी त्यावर जन्मभर बोलत आलो. पण बोलून काय होतं? त्यावर काम केलं ते नागूबाईनं.

झालं असं. सिद्धव्वा म्हणून एक बाई जवळच्या खेड्यातून दोन बाटल्या घेऊन आली. नवऱ्याची कंबर धरली होती, आणि तीन वर्षांच्या लेकीला खोकला. डॉक्टरसाहेबांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. लेकीला प्यायचं औषध, नवऱ्याला चोळायचं. चोळायच्या औषधात बचनाग. गुरुशांतप्पांनी दोन्ही नीट केली, दोन्हींवर वेगवेगळे कागद डकवले, एकावर प्यायचं, एकावर चोळायचं, विष. सांगितलं. सिद्धव्वा म्हणाली, हौ.

आता आमच्याकडे लेकरू आजारी पडलं की मठातून अंगारा आणतात आणि दर्ग्यातून लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी काळ्या कापडात शिवून दंडाला बांधायची. हिंदू असो, लिंगायत असो, मुसलमान असो, सगळे बांधतात, माझ्याही दंडाला होती. सिद्धव्वानं बघितलं, सरकारी दवाखान्यातून दोन-दोन चिठ्ठ्या मिळाल्या आहेत, तशाच अक्षरांतल्या, वर मोठ्या साहेबाच्या हातच्या. तिनं घरी जाऊन दोन्ही कागद ओले करून हळूच सोडवले, फाटू दिले नाहीत, आणि शिवून लेकीच्या दंडाला बांधले. बाटल्या राहिल्या नुसत्या. मग त्यातलं एक औषध लेकीला पाजलं.

लेकरू गेलं.

चौकशी झाली. डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी बरोबर निघाली. गुरुशांतप्पांचं माप बरोबर. कागद बरोबर, बाटली स्वच्छ. शेवटी सरकारी शेरा पडला की रोग्याच्या घरच्यांची गफलत. सगळे सुटले. गुरुशांतप्पा दोन दिवस जेवले नाहीत, पण सुटले.

नागूबाई अंगणात बाटली खळबळत होती. ती उठून आली आणि दारात उभी राहून गुरुशांतप्पांना म्हणाली, "अण्णा, तुमचं बरोबर, साहेबाचं बरोबर, माझी बाटली बरोबर. सगळ्यांचं बरोबर हाय, मग लेकरू कसं गेलं?"

ती परत अंगणात गेली आणि तीच बाटली पुन्हा धुवायला बसली. 

दुसऱ्या दिवशी तिनं भल्या पहाटे बाटल्या धुऊन घेतल्या आणि खिडकी उघडायच्या वेळेला आत गुरुशांतप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली. कोणाला विचारलं नाही. त्यांनी औषध ओतलं की बाटली ती घ्यायची, गजांतून बाहेर धरायची, पण गळा मुठीत घट्ट.

"सांग."

"काय सांगू?"

"कितीदा घ्यायचं, किती घ्यायचं, कुठं लावायचं."

"आत्ताच सांगितलं की अप्पानं."

"अप्पानं सांगितलं ते अप्पाला ठावं हाय. तुला काय कळलं ते सांग. मग सोडते."

पहिल्या दिवशी रांग पार दवाखान्यासमोरच्या कडुलिंबापर्यंत गेली. लोक चिडले. एक म्हातारा म्हणाला, "सगळी एकदम पितो, लवकर उतरतंय." दुसरी बाई म्हणाली, "अर्धी मी घेते, अर्धी जावेला देते, तिलाबी बरं न्हाई." तिसरा नुसतंच हौ म्हणाला. नागूबाईनं बाटली सोडली नाही. ज्याला जी भाषा त्या भाषेत, मराठीत, कन्नडात, दखनीत, पुन्हा सांगायची आणि पुन्हा विचारायची. आणखी एक केलं तिनं. पोटात न घ्यायच्या बाटलीच्या गळ्याला अंबाडीची सुतळी बांधायला लागली, खरखरीत, दोन गाठी मारून. कागद निघेल, सुतळी निघायची नाही. अंधारात हात लागला तरी कळायचं, ही पिऊ नको.

मीही तिच्या मुठीत सापडलेला माणूस आहे. हिवतापानं फणफणलो होतो. कुनैनची बाटली. तोवर मी तीन लिप्या स्वतःच्या हिमतीवर शिकलो होतो, कल्याणीच्या वाचनालयात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत होतो, डोक्यात वारं होतं.

"सांग," ती म्हणाली.

"अगं, मला वाचता येतं. कागद हाय की वर."

"कागदाला ताप न्हाई आला. तुला आलाय. सांग."

मी तावातावानं सांगितलं, दिवसातून तीनदा, जेवल्यावर.

"किती दिस?"

"ताप उतरेपतोर."

"चुकलं. ताप उतरल्यावरबी सात दिस. शिकलेल्याला मी दोनदा विचारते. आडाणी ऐकून तरी घेतंय. शिकलेल्याला आधीच सगळं ठावं असतंय."

रांगेतली माणसं हसली. मला इतका राग आला होता की बाटली तिथंच ठेवून निघावं. नाही निघालो. पुन्हा सांगितलं, मग तिनं मूठ सोडली. त्या दिवसापासून मी तिला मानतो.

अशी सात वर्षं गेली. आता ज्यासाठी लिहायला बसलो, त्यावर येतो. सन १३४७ फसली, म्हणजे इंग्रजी अडतीस साल.

बाजारचा दिवस. खिडकीसमोर गर्दी. तहसीलचे पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या कचेरीतले बडे कारकून, उद्धवराव स्वतः आले. शेरवानी, डोक्याला रुमी टोपी, हातात छडी. त्यांची सून गीताबाई सहा महिन्यांची पोटुशी, घसा सुजलेला, अंगात ताप. दोन औषधं दिली होती. एक पांढरं, प्यायचं. एक जांभळं, कडक, लोटाभर पाण्यात चमचाभर टाकून गुळण्या करायचं आणि थुंकून द्यायचं, पोटात एक थेंब जायला नको. नागूबाईनं जांभळ्या बाटलीला सुतळी बांधली आणि दोन्ही बाटल्या गजांतून बाहेर धरल्या.

उद्धवरावांनी हात घातला. बाटल्या येईनात.

"सोड."

"सांगा, मग सोडते."

"काय सांगू? मी कोण आहे ठाऊक आहे ना तुला?"

"ठावं हाय, रावसाहेब. पेशकार हाव तुमी. पांढरं कशाचं आन् जांभळं कशाचं, तेवढं सांगा."

रांगेत कोणीतरी खोकलं. खोकला कसला, हसू दाबलं होतं. पेशकारांच्या कचेरीत ज्यांनी हौ साहेब, हौ साहेब करत दिवस काढले होते, तीच माणसं मागं उभी. उद्धवराव लालेलाल झाले.

"भांडी घासणाऱ्या बाईनं माझा धडा घ्यायचा?"

"बाटल्या घासते मी, रावसाहेब. भांडी घरी."

त्यांनी हिसका मारला. पांढरी बाटली त्यांच्या हातात गेली, तिचा ओला कागद गजाला घासून निघाला, आणि जांभळी गजावर आपटून फुटली. शेरवानीच्या छातीवर हा एवढा जांभळा डाग. अख्खा बाजार बघतोय.

आरडाओरडा ऐकून डॉक्टरसाहेब बाहेर आले आणि नागूबाईला आधी मागं अंगणात पाठवलं. गुरुशांतप्पा पुढं झाले. त्यांनी घाईघाईनं हाताला लागली त्या बाटलीत दुसरं जांभळं औषध भरलं, कागद डकवायला गेले तर पेशकार म्हणाले, "राहू द्या तुमचे कागद," आणि तसेच ओढून घेऊन गेले. कागद नाही, सुतळी नाही, सांगणं नाही.

संध्याकाळच्या आत लेखी तक्रार आली. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, मनानं चांगले, पण नोकरीला घाबरणारे. त्यांनी नागूबाईला बोलावून सांगितलं, "बाई, जिल्ह्याचे बडे डॉक्टर दौऱ्यावर येताहेत, बारा दिवसांनी. तुझी नोकरी राहते की जाते, ते ठरवतील. तोवर मागं अंगणात राहायचं. खिडकीला यायचं नक्को."

मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. दवाखान्यासमोरच्या ओट्यावर चढून मी भाषण ठोकलं. पेशकाराच्या सात पिढ्या काढल्या. राज्य कसलं, कायदा कसला, सगळं. शिपाई आला आणि माझं नाव लिहून घेऊन गेला. मी ताठ मानेनं मागच्या अंगणात गेलो, म्हटलं नागूबाई पाठीवर थाप देईल.

तिनं राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "झालं बोलून?"

"आता बघ कसे घाबरतेत."

"कोण घाबरतंय? साहेबाला मला काढायला कारण पायजे होतं, ते तू दिलास. माझी बाजू घेणारा सरकारच्या वहीत लिहिलेला माणूस. लई चांगलं केलास."

मी तिथंच खाली बसलो.

"मला माझी खिडकी परत पायजे," ती म्हणाली. "भाषण नको. तुला लिहायला येतंय ना? मग उद्यापासून लिंबाखाली बस. खिडकीवरनं जो माणूस बाटली घेऊन येईल, त्याला विचार, काय सांगितलं. त्यानं सांगितलं ते लिही. आन् ज्याला सांगता आलं न्हाई, त्याला माझ्याकडं पाठव. मी अण्णाकडं नेते. एकबी माणूस चुकून घरी जायला नको. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं? सांग."

सांगितलं. मग उठू दिलं तिनं.

अकरा दिवस मी लिंबाखाली बसलो. वही केली. दोनशे चौदा माणसं. त्यातल्या एक्याण्णव जणांना आपलं औषध नीट सांगता आलं नाही. डोळ्यात टाकायचं कानात टाकायला निघालेले दोन. मलम भाकरीला लावून खायला निघालेला एक, आणि तो चांगला पाटील घराण्यातला. एक्याण्णवच्या एक्याण्णव मागच्या अंगणातून फिरून, गुरुशांतप्पांकडून पुन्हा ऐकून, पाठ म्हणून घरी गेले. बाटल्या धुता धुता ती बाई हे करत होती आणि खिडकीला यायची तिला बंदी होती! गुरुशांतप्पा तर म्हणायचे, "नागव्वा, तू समोर नसलीस की माझा हातच चालत न्हाई गं."

बाराव्या दिवशी बडे डॉक्टर आले. केस पिकलेले, कमी बोलणारे. वऱ्हांड्यात टेबल मांडलं. एका बाजूला उद्धवराव, नवी शेरवानी. एका बाजूला नागूबाई, उभी. मी पायरीवर, वही घेऊन.

मी वही पुढं केली. बड्या डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं, मग एक कागद बघितला, मग मला विचारलं, "ओट्यावर भाषण करणारा तो तूच का?"

"हो."

त्यांनी वही मिटली आणि बाजूला ठेवली. अकरा दिवसांची मेहनत, एका भाषणानं रद्दी झाली. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आणि ती इथं लिहितोय कारण लपवली तर नागूबाई मला मुठीतून सोडायची नाही.

"बाई," बडे डॉक्टर म्हणाले, "तुझं काम बाटल्या धुण्याचं. खिडकीला का उभी राहतेस?"

"बाटली धुऊन काय उपेग, साहेब, आतलं चुकीच्या तोंडात गेलं तर?"

"हे काम कंपाउंडरचं आहे."

"कंपाउंडर सांगतेत. मी ऐकून घेते. सांगणारा येगळा आन् ऐकून घेणारा येगळा लागतोय."

"पेशकारसाहेबांनाही विचारायचं? ते शिकलेले आहेत."

नागूबाई उद्धवरावांकडे बघत राहिली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, मी बघितलं. तिनं ते गिळलं. "इचारायचं, साहेब. सगळ्यांला," एवढंच म्हणाली.

बड्या डॉक्टरांनी दौत ओढली. आता लिहिणार, नोकरीवरून कमी. मला तो टाक अजून दिसतो.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पडदा सारून एक बाई उतरली, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. उद्धवराव ताडकन उभे राहिले. त्यांची बायको, कमलबाई. या घरच्या बायका देवळाखेरीज कुठं दिसत नसत. ती वऱ्हांड्यापर्यंत आली आणि पदराखालून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक पांढरी, एक जांभळी. दोन्हींवर कागद नाही, जांभळीच्या गळ्याला मात्र सुतळी, दोन गाठींची.

"घरी जा," उद्धवराव म्हणाले.

"जाते. बोलून जाते." ती बड्या डॉक्टरांकडे वळली. "साहेब, ह्या बाटल्या घरात आल्या तेव्हा ह्यांनी सांगितलं, जांभळं पाजा, पांढऱ्याच्या गुळण्या करा. मी चमचा भरला होता. सुनेच्या तोंडापर्यंत नेला होता. मग माझ्या मनात आलं, बाजारात सगळे बोलायलेत की नागूबाईनं बाटली सोडली न्हाई. उगीच कशाला धरून ठेवील ती? मी चमचा खाली ठेवला, बाटल्या पदराखाली घेतल्या आन् मागच्या दारानं हिच्याकडं आले."

सगळे नागूबाईकडे बघायला लागले. मीही.

"हिला म्हटलं, कोणती प्यायची सांग. ही म्हणाली, मी सांगणार न्हाई. मला वाटलं राग काढायलीय. ही म्हणाली, अक्का, मी वाचत न्हाई आन् ही भरताना मी समोर नव्हते, अंदाजानं मी कुणाच्या लेकीला औषध सांगत न्हाई. मग मला कंपाउंडरअप्पाकडं नेलं. त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं. मग हिनं जांभळीला सुतळी बांधली, दोन्ही बाटल्या धरल्या आन् म्हणाली, सांगा, मग सोडते." कमलबाईनं डोळे पुसले. "मी सांगितलं. माझी सून बरी हाय, साहेब. पोटातलं बरं हाय."

 बड्या डॉक्टरांनी उद्धवरावांना विचारलं, "पेशकारसाहेब, जांभळं कशाचं?" उद्धवरावांनी खाली बघितलं.  त्यांचं मला एकच आवडलं ते हे, की त्या वेळी ते खोटं बोलले नाहीत.

मग बड्या डॉक्टरांनी नागूबाईला विचारलं, "बाई, हे तू आधी का नाही सांगितलंस? तुझी नोकरी चालली होती."

"ती बाई आपल्या घरची गोष्ट पदराखाली झाकून माझ्याकडं आली होती, साहेब. ती मी बाजारात कशी मांडू? खिडकीवर काय काय कळतंय माणसांचं. कुणाला कसला रोग, कुणाच्या घरात काय. ते खिडकीतच ठेवायचं असतंय."

ऐकलंत? पुस्तकं वाचलेल्यांनो, ऐकलंत? आपली भाकरी चालली होती आणि ही बाई गप्प उभी होती. मी अकरा दिवस रोज लिंबाखालून तिच्याकडे माणसं पाठवत होतो, मला चकार शब्द कळू दिला नाही.

बड्या डॉक्टरांनी माझी वही परत ओढली. या वेळी शेवटपर्यंत वाचली. मलम आणि भाकरीच्या ओळीवर त्यांच्या मिशा हलल्या. मग हुकूम लिहिला आणि मोठ्यानं वाचला: खिडकीवर औषध देताना ही बाई हजर राहील, आणि कोणीही असो, औषध सांगितल्याशिवाय बाटली मिळणार नाही. खाली सही, शिक्का.

नागूबाईनं विचारलं, "कोणीबी असो, म्हणजे कोणीबी ना, साहेब?"

"कोणीही."

जायच्या आधी बड्या डॉक्टरांनी गुरुशांतप्पांकडून आपल्या पोटाच्या जळजळीचं औषध करून घेतलं. खिडकीसमोर येऊन हात पुढं केला. बाटली गजांतून बाहेर आली, पण गळा मुठीत.

"सांगा, मग सोडते."

आमच्या डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. बडे डॉक्टर, शाळेतल्या मुलासारखे, म्हणाले, "जेवल्यावर. दोन चमचे. दिवसातून दोनदा."

"पाण्यात का नुसतं?"

"... पाण्यात."

"आता बरोबर," नागूबाई म्हणाली, आणि मूठ सोडली.

ती त्या खिडकीवर अठ्ठेचाळीस सालानंतरही होती. त्या साली निजामाचं राज्य पडायच्या धामधुमीत गावं ओस पडली, डॉक्टर निघून गेले, औषधं यायची बंद झाली, तरी उरलेल्या चार बाटल्यांसाठी ती आणि गुरुशांतप्पा रोज खिडकी उघडून बसत. राज्य बदललं. पाटी बदलली. नवा कंपाउंडर आला, कागदावर आता आपल्याला वाचता येईल असं लिहायला लागला, आणि म्हणाला, आता या बाईचं काय काम? लोकांनीच त्याला सांगितलं. रांगेतल्या माणसांनी हात पुढं केला, बाटली घेतली नाही, आणि म्हणाले, "थांबा, आमी सांगतो आधी." हौ म्हणणारी माणसं होती ही! ज्या 'हौ'वर मी ओट्या-ओट्यावर चढून घसा कोरडा केला, तो तिनं खिडकीत उभं राहून, एकेका बाटलीनं मोडला.

तिचा फोटो नाही. सरकारी कागदात ती शेवटपर्यंत बाटल्या धुणारीच राहिली. तिचा पुतळा उभारा असं मी म्हणणार नाही, पुतळ्याच्या हातात बाटली दिली तर कावळे बसतील. माझं मागणं साधं आहे. उद्या तुमच्या हातात कोणी औषध ठेवील, तेव्हा हौ म्हणून निघू नका. मागं रांग असू द्या, लोक चिडू द्या. देणाऱ्याच्या डोळ्यांत बघा आणि म्हणा, "थांबा, मला काय कळलं ते सांगतो, बरोबर आहे का बघा." सांगा. मग घ्या.